मार्च कोरडा हवा

इसबगोलाचं नाव मराठी घरात बहुधा रात्रीच्या जेवणानंतर निघतं. कोठा साफ होत नाही, एक चमचा दुधातून घे, इतकंच. ते शेतात पिकतं, कुणीतरी ते थंडीत पेरतं, चार महिने राखतं आणि मार्चातल्या एका सरीने हातचं घालवून बसतं, हे फारसं कुणाच्या गावी नसतं. या पिकाबरोबर मी नोकरीची बरीच वर्षं काढली. जळगाव जिल्ह्यातून कृषीची पदवी घेऊन मी उत्तर गुजरातेत गेले, ती इसबगोलाची भुसी परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्याच्या शेती विभागात. हंगामाआधी शेतकऱ्यांपर्यंत चांगलं बियाणं पोचवायचं, पेरणीपासून मळणीपर्यंत शेतांवर फिरायचं, कुठे काय बिघडतंय ते बघायचं आणि शेवटी माल कसोटीला उतरतो की नाही ते सांगायचं, हे काम. ऊंझा, सिद्धपूर, डीसा हा पहिला टापू. पुढे राजस्थानातले जालोर, भीनमाळ, सांचोर.

कापूस आणि केळीच्या मुलखातून आलेल्या नजरेला हे पीक पीक वाटतच नाही. जानेवारीत शेताच्या बांधावर उभं राहावं तर समोर गुडघ्याच्याही खाली राहणारी, राखाडी झाक असलेली हिरवळ दिसते. खोड जवळजवळ नाहीच. जमिनीलगत अरुंद, लांब, बारीक लव असलेल्या पानांचा झुबका आणि त्यातून वर आलेल्या दांड्यांवर बोटाच्या पेराएवढ्या ओंब्या. शास्त्रीय नाव प्लँटॅगो ओव्हाटा. कॅनरी बेटांपासून उत्तर आफ्रिका, सिनाई, अरबस्तान, इराण असा पल्ला धरत सिंधपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात ते आपोआप उगवतं. अमेरिकेच्या ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांतही ते आहे, आणि तिथे ते कुणी माणसाने नेलेलं नाही. माणूस शेती करू लागण्याच्या लाखो वर्षं आधी ते तिकडे पोचलं होतं. रानात वाढलेलं रोप वितभरही होत नाही. हिवाळ्यात एखादा पाऊस पडला की उगवायचं, ओल आहे तेवढ्यात चार ओंब्या काढायच्या, बी जमिनीवर टाकायचं आणि उन्हाळा यायच्या आत मरून जायचं, हा त्याचा जीवनक्रम.

शेतात आणून आपण त्याला अंतर दिलं, पाणी दिलं, ओंब्या वाढवल्या. स्वभाव मात्र बदलला नाही, आणि माझ्या सगळ्या कामाचं सार याच एका गोष्टीत आहे. गव्हाची ओंबी पिकल्यावर दाणे धरून ठेवते, कारण हजारो वर्षं माणसाने न गळणारीच ओंबी निवडून पेरली. इसबगोलाला हा सहवास फार थोडा लाभला. त्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या अवघ्या 4, आणि आपल्याकडच्या वाणांमधली विविधता तुटपुंजी. जगुदणच्या मसाला संशोधन केंद्राने, आणंदजवळ बोरियावीच्या औषधी वनस्पती संचालनालयाने, मंदसौर, हिसार आणि लखनौच्या संशोधकांनी चिकाटीने वाण काढले. गुजरात इसबगोल 2, जवाहर इसबगोल 4, हरियाणा इसबगोल 5, निहारिका ही नावं त्या मुलखात शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. उत्पन्न वाढलं, ओंब्या लांबल्या. पण पिकल्यावर बी अजिबात गळणार नाही असं वाण मी कुठल्या शेतात पाहिलेलं नाही. म्हणून इसबगोल पिकवायचं ते वाळवंटाचे नियम पाळून. ते नियम ज्याला पटतात त्याला हे पीक देतं. ज्याला शेतात लाड करायची सवय असते, त्याला ते बुडवतं.

बियाची एक गंमत शेतावर नवा माणूस आला की मी दाखवत असे. तळहातावर दहाबारा बिया घ्यायच्या. बी दोनअडीच मिलिमीटरचं, फिकट गुलाबी, एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने खोलगट. वर पाण्याचा एक थेंब. पाहता पाहता प्रत्येक बियाभोवती पारदर्शक लेप फुगू लागतो, बिया एकमेकींना चिकटतात, आणि हात उलटा केला तरी पडत नाहीत. हा लेप बियाच्या अगदी बाहेरच्या पापुद्र्यातून येतो, आणि तोच पापुद्रा वेगळा काढला की त्याला आपण भुसी म्हणतो. वाळवंटात हा लेप बियाचा जीव वाचवायचं काम करतो. पहिल्या दवात किंवा सरीत बी मातीला चिकटतं, वाळलं की तिथेच घट्ट बसतं, मग वारा त्याला उडवू शकत नाही आणि मुंग्यांनाही ते सहजी ओढून नेता येत नाही. अमेरिकेत रस्त्यांच्या उतारांवरची उघडी माती धरून ठेवायला याच भुसीची पूड पाण्यातून फवारतात. आपल्या पोटात हा लेप पाणी धरून ठेवतो. रोपाने तो ना रस्त्यासाठी बनवला, ना पोटासाठी. या एका पापुद्र्यावर ऊंझ्याचा मोठा बाजार आणि सिद्धपूरच्या गिरण्या उभ्या आहेत.

आता पेरणी. हजार बियांचं वजन दोन ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे एकराला दीड ते दोन किलो बी पुरतं. इतकं बारीक बी खोल गेलं की संपलं. जमीन रेताड पोयट्याची हवी, पाण्याचा निचरा उत्तम हवा आणि ढेकूळ एकही नको. बी मागच्याच हंगामातलं हवं, साध्या साठवणीत जुन्या बियाची उगवण पडते. पेरायचं नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. ऑक्टोबरच्या उष्म्यात घाई केली तर पाला माजतो आणि पुढे रोगाला वाट मिळते, डिसेंबर उलटू दिला तर थंडीचे दिवस कमी मिळतात आणि काढणी वळवाच्या तोंडाशी जाते. गुजरातेत वाफ्याला क्यारा म्हणतात. क्यारे सपाट करून झाले की बी बारीक वाळूत मिसळून फेकतात. कुणी फुटाफुटावर ओळीही पेरतात, निंदणीला ते बरं पडतं, पण जुन्या शेतकऱ्यांचा हात फेकीवर बसलेला.

त्यानंतरचं काम मला कधीही बघायला आवडे. डीसाजवळच्या एका शेतावर घरातल्या वयस्क बा हे काम स्वतःकडे ठेवत, सुनांना करू देत नसत. हातात लांब खराटा घेऊन त्या वाफ्यातून मागे मागे सरकत जात. खराटा मातीवर दाबायचा नाही, नुसता फिरवायचा, आणि तोही एकाच दिशेने. माती बियावर जेमतेम येते, फार तर एक सेंटिमीटर. एखाद्या जागी हात जड पडला तर त्या थांबत, बोटांनी माती सारखी करत आणि पुढे जात. "बेन, याला झाकायचं नसतं," त्या मला म्हणाल्या, "नुसतं वाऱ्यापासून आडोशाला करायचं असतं." आमच्या माहितीपत्रकात पेरणीच्या खोलीबद्दल छापलेल्या दोन ओळींपेक्षा हे वाक्य मी पुढे जास्त शेतकऱ्यांना सांगितलं आणि प्रत्येकाला ते लगेच उमगलं.

लगेच पहिलं पाणी द्यायचं, पण पाण्याला पळू द्यायचं नाही. दांडातून येणारा प्रवाह वाफ्याच्या तोंडाशी गवताची जुडी किंवा पोतं टाकून मोडतात, म्हणजे पाणी पसरत पसरत जातं. जोराचं पाणी सोडलं की हलकं बी वाहत जाऊन वाफ्याच्या शेवटच्या टोकाला गोळा होतं, तिथे लेपाने चिकटून थर धरतं आणि बाकीचा वाफा उघडा पडतो. सहाव्या दिवसापासून कोंब दिसायला लागतात. आठवडाभरात उगवण विरळ वाटली तर आणखी एक हलकं पाणी. त्यानंतर साधारण महिन्याने एक आणि ओंब्या भरताना सत्तराव्या दिवसाच्या सुमारास एक, ही दोन पाणी चुकवायची नाहीत. रेताड जमिनीत मधे एखाददोन जास्त लागतात. ओंबीत दूध भरलं की पाणी बंद. कालव्याचं पाणी आलंय म्हणून दिलं, शेजारी देतोय म्हणून दिलं, असं या पिकात चालत नाही.

निंदणी हे बायकांचं काम, आणि ते या पिकात फार नजरेचं आहे. वीसपंचवीस दिवसांचं रोप बारीक गवतासारखं दिसतं आणि आजूबाजूला खरं गवतही तेवढंच असतं. रोपांत बसलेल्या बायका बोलत असतात, हसत असतात, पण बोटं चुकत नाहीत. पानाची लव बोटाला लागते, तिच्यावरून त्या ओळखतात. चाकवत उपटायला सोपा, हरळी मुळासकट काढावी लागते. दिवसभर उकिडवं बसून ही निंदणी करणाऱ्या बाईची मजुरी इसबगोलाच्या खर्चातला मोठा वाटा असते, आणि तणनाशक आलं तरी हे काम पूर्ण सुटलेलं नाही. तणाचं बी मालात आलं की गिरणीत भुसीचा दर्जा उतरतो. परदेशी ग्राहक पाकिटावर शुद्धतेचा जो आकडा वाचतो, त्याची सुरुवात डिसेंबरमधल्या या बायकांच्या बोटांपासून होते. व्यापाराच्या बैठकांत ही गोष्ट निघताना मी फार कमी ऐकली.

खताच्या बाबतीत शेतकऱ्याला आवरणं हे माझं सगळ्यात अवघड काम होतं. एकराला दहा किलोच्या आसपास नत्र या पिकाला पुरे होतं, थोडं स्फुरद आणि आधीच्या हंगामातलं कुजलेलं शेणखत. बटाट्याच्या शेतात हात सैल झालेला डीसाचा शेतकरी या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. तो युरिया टाकतो, पीक काळंभोर हिरवं होतं, बघणारा तारीफ करतो, आणि जानेवारीच्या धुक्यात त्याच शेतात केवडा रोग पहिल्यांदा शिरतो. पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळे डाग, खालच्या बाजूला राखाडी बुरशी, आणि दाट पाल्यात वारा खेळत नसल्यामुळे ती आठवड्यात वाफा व्यापते. बियाला मेटालॅक्झिल चोळून पेरणं हा पहिला उपाय, विरळ आणि उपाशी ठेवणं हा दुसरा. माझ्या अनुभवात दुसरा जास्त चालला. साठाव्या दिवसाच्या पुढे मावा येतो, काही जमिनींत हुमणी आणि वाळवी लागते. पण इसबगोल बुडतं ते प्रामुख्याने दोनच कारणांनी, केवड्याने आणि पावसाने.

फुलोरा साधारण दोन महिन्यांनी येतो. तेव्हा एखादी ओंबी तोडून भिंगाखाली धरावी. खालच्या फुलांतून पांढरे, केसाळ स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, पुंकेसर मागाहून. फूल असं की रंग नाही, वास नाही, सगळी भिस्त वाऱ्यावर. पुढे प्रत्येक फुलाच्या जागी एक बोंड बनतं, आत दोन बिया. हे बोंड उभं फाटत नाही, त्याला मधोमध आडवी रेघ असते, आणि पिकलं की डबीचं झाकण निघावं तसा वरचा अर्धा भाग सुटून येतो. बिया उघड्या पडतात. वारा आला की खाली.

म्हणून काढणीचा दिवस ठरवणं ही या शेतीतली खरी विद्या. पेरणीपासून 110 ते 130 दिवस होतात, खालची पानं वाळतात, ओंब्या तपकिरी होतात. मग रोज सकाळ-संध्याकाळ शेतात जायचं, चार ठिकाणच्या ओंब्या अंगठा आणि तर्जनीत धरून हलकं दाबायचं. बी निघालं नाही तर थांबा. दोनतीन बिया सहज आल्या तर माणसं सांगून ठेवा. ओंबी हातात येताच बी सांडायला लागलं तर उशीर झालेला आहे. कापणी सकाळी दहानंतर, दव पूर्ण उडाल्यावर, कारण ओल्या ओंबीवरचं बी फुगतं आणि चिकटतं. रोपं जमिनीलगत कापून किंवा उपटून चादरीवर ठेवत जातात, उघड्या जमिनीवर नाही. खळ्यावर एकदोन दिवस ढीग, मग ट्रॅक्टर फिरवून मळणी, वारा देऊन उफणणी. चांगल्या शेतात एकरी तीनचार क्विंटल येतं. आकडा लहान वाटतो, पण पाणी आणि खत बघितलं तर हिशोब जमतो.

आणि मग तो पाऊस. 2015 च्या मार्चमध्ये उत्तर आणि पश्चिम भारतात अवेळी पावसाने रब्बी झोडपली, त्याच्या बातम्या गव्हाच्या नावाने छापल्या गेल्या. मी तेव्हा त्या टापूत होते. पाऊस थांबल्यावर गव्हाच्या शेतात पीक लोळलेलं दिसतं, निदान दिसतं तरी. इसबगोलाच्या शेतात उभ्या ओंब्यांवर काचेसारखा चिकट थर चढलेला होता. एका काकांनी ओंबी मुठीत धरून ओढली, बोटांना बुळबुळीत लगदा लागला, त्यात बी अडकलेलं. जे बी सुटून खाली पडलं होतं ते मातीला चिकटून बसलं होतं, ज्या कामासाठी निसर्गाने त्याला घडवलं तेच करत. ते गोळा करता येत नाही. दोन दिवस ऊन पडल्यावर ओंब्या पुन्हा वाळल्या, पण वाळलेली भुसी काळवंडली आणि दाण्याला अशी बसली की तो माल गिरणीच्या कामाचा राहिला नाही. काकांनी त्या शेतात मेंढ्या सोडल्या. ते रडले नाहीत, ओरडले नाहीत. पुढच्या वर्षी बियाणं कधी येणार एवढंच त्यांनी मला विचारलं. उधारीवर घेतलेल्या बियाण्याचे पैसे त्यांच्या नावावर होते, आणि ते माफ व्हावेत म्हणून मी वरिष्ठांना जे लिहिलं त्याला कारखान्याकडून उत्तर आलं नाही. पिकाच्या किमतीतला सगळा धोका शेतकऱ्याच्या अंगावर आणि पापुद्र्याचा सगळा फायदा पुढच्या साखळीत, ही या धंद्याची मांडणी मला तेव्हाही अन्यायाची वाटली आणि आजही वाटते. विमा असतो, पण खळ्यावर पडलेल्या पिकाचं नुकसान वेळेत नोंदवून घेणं किती जणांना जमतं, हे त्या गावांत जाऊन विचारावं.

माल वाचला तर ऊंझ्याला जातो. जिरं, बडीशेप आणि इसबगोल यांचा हा देशातला मोठा बाजार. भाव मणाचा, आणि मण इथे 20 किलोचा. व्यापारी बी मुठीत घेतो, फुंकर मारतो, दाताखाली एक दाणा तोडतो आणि बोलतो. गिरणीत बी चाळून, दगडांच्या चाकांमधून पुन्हा पुन्हा फिरवून, दर फेरीला हवेच्या झोताने पापुद्रा वेगळा काढतात. शंभर किलो बियातून भुसी येते पंचवीसतीस किलो. उरलेले गोळा आणि लाली नावाचे भाग जनावरांच्या खाद्यात जातात, सगळ्यात बारीक चुऱ्याला खाखा म्हणतात, त्यालाही गिऱ्हाईक आहे. 85, 95, 98, 99 टक्के असे शुद्धतेचे दर्जे. प्रयोगशाळेत एक ग्रॅम भुसी उंच नळीत पाण्यात भिजवून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी ती 40 मिलिलिटरपर्यंत फुगली पाहिजे. ज्याने ती नळी एकदा पाहिली तो माणूस कोरडी भुसी घोटभर पाण्याबरोबर कधी गिळणार नाही. भुसी घ्यायची तर मोठा पेलाभर पाण्यातून, आणि वर आणखी पाणी. गिळायला त्रास होणाऱ्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

गिरणीतल्या धुळीबद्दलही लिहिलंच पाहिजे. इसबगोलाची बारीक धूळ श्वासात जात राहिली की काही माणसांना तिची ॲलर्जी होते, शिंका, डोळ्यांना पाणी, पुढे दमा. हे वैद्यकशास्त्रात नोंदलेलं आहे, भुसी हाताळणाऱ्या परिचारिकांमध्येसुद्धा. तरी तोंडाला साधा रुमाल बांधून दिवसभर चक्कीशी उभे राहणारे मजूर मी पाहिले. धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि चांगला मुखवटा ही चैन नाही, जिथे भुसी निघते तिथे ती असायलाच हवी.

भारत हा इसबगोलाचा जगातला सगळ्यात मोठा पुरवठादार आणि अमेरिका मोठं गिऱ्हाईक. तिथे 1934 पासून मेटाम्युसिल नावाने ही भुसी विकली जाते, आणि कोलेस्टेरॉल कमी होऊन हृदयविकाराचा धोका घटू शकतो असा दावा पाकिटावर छापायला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने 1998 मध्ये मान्यता दिली. मागणी टिकून आहे, वाढतेही आहे. म्हणूनच आता महाराष्ट्रातून मला फोन येतात. गावाकडचे भाऊ, मामा, ओळखीच्या ओळखीचे. कुणी एजंट येऊन सांगून गेलेला असतो की बियाणं आम्ही देतो, माल आम्हीच उचलतो. सफेद मुसळीच्या वेळी असंच सांगणारे आले होते आणि पीक हातात आल्यावर त्यातले किती जण दिसेनासे झाले, हे आपल्या शेतकऱ्यांना नव्याने सांगायला नको.

माझं उत्तर असं. महाराष्ट्रात इसबगोल येणारच नाही असं नाही. नीमच, मंदसौरच्या काळ्या मातीत ते होतं, म्हणजे काळी जमीन हा काही सरसकट नकार नाही, निचरा मात्र पाहिजे. पाणी तुंबणाऱ्या भारी जमिनीत हात घालू नये. थंडीही आपल्याकडे खानदेशात आणि विदर्भात पुरेशी पडते. अडचण मार्चची आहे, काही वर्षी फेब्रुवारीचीही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी भोगली त्यांना मी वेगळं काय सांगू? द्राक्ष, गहू, हरभरा यांचं थोडंबहुत तरी हाती लागलं. पिकलेलं इसबगोल त्या पावसात एक दाणा ठेवत नाही. शिवाय माल विकायला जवळ गिरणी नसेल तर चारपाच पोती घेऊन नीमच किंवा ऊंझा गाठण्यात नफा वाटेतच संपतो.

ज्याला तरीही हे रोप ओळखायचं आहे, त्याने आधी कुंडीत लावावं. काष्ठौषधीच्या दुकानात अख्खं इसबगोल मिळतं, ताजं असेल तर उगवतं. पसरट, उथळ कुंडी, अर्धी माती अर्धी वाळू, खालून भोक मोठं. दिवाळी होऊन रात्री गार झाल्या की चिमूटभर बी विरळ पसरून वर वाळूचा पातळ थर द्यावा आणि पाणी फवाऱ्याने द्यावं, ओतू नये. उगवल्यावर चार बोटांवर एक रोप ठेवून बाकीची उपटावीत. दिवसभराचं ऊन हवं. खत घालू नये, रोज पाणी घालू नये, मातीचा वरचा थर वाळला की मगच. जानेवारी-फेब्रुवारीत ओंब्या येतील, त्यातली एखादी पिकल्यावर अंगठ्याने दाबून बघावी आणि झाकण कसं सुटतं ते डोळ्यांनी पाहावं. शेतात करायचं तर पहिल्या वर्षी दोन गुंठ्यांच्या वर जाऊ नये, आणि विक्रीचा करार कागदावर, सहीशिक्क्यासह, भाव किंवा भाव ठरवायची पद्धत लिहून घेतल्याशिवाय बियाण्याचे पैसे देऊ नयेत. अकोला आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठांत औषधी वनस्पतींवर काम चालतं, तिथे आधी विचारावं.

आणि त्याहीआधी एक काम करावं. आपल्या तालुक्याच्या पावसाच्या नोंदी कृषी विभागाकडे असतात. मागच्या दहा वर्षांचा 15 फेब्रुवारी ते 31 मार्च एवढाच काळ काढून पाहावा. त्यात तीन वर्षी जरी पाऊस दिसला, तरी इसबगोलाचा नाद सोडावा आणि हरभरा पेरावा.